ओगलेकाकांच्या नावावर

बिळावरचा दिवा तिसऱ्यांदा लाल झाला, तेव्हा भालचंद्र ओगल्यांनी भिंतीतल्या यंत्रापुढे चक्क हात जोडले. आपण कुणापुढे हात जोडतोय हे मग त्यांच्या ध्यानात आलं आणि ते स्वतःवरच वैतागले.

"ओगले, आपल्या सुरक्षिततेसाठी आपली सर्व औषधे थांबवण्यात आली आहेत," आतला बाईचा आवाज म्हणाला. सकाळपासून तो आवाज तेवढाच गोड होता, आणि म्हणूनच आता कानाला नकोसा झाला होता.

औषध भालचंद्रांना नकोच होतं. ते हवं होतं वर तिसऱ्या मजल्यावर, रेवती मुळ्येला. रेवती गुहागरची, पुण्यात दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करायची आणि कांचनबन सोसायटीत एका खोलीत भाड्याने राहायची. लहानपणापासून तिला मधुमेह होता, तोही इन्सुलिनशिवाय एक दिवस न निघणारा. चार दिवसांच्या वीजकपातीत फ्रीज बंद पडला आणि या भट्टीसारख्या उन्हाळ्यात तिचं इन्सुलिन शिजून निकामी झालं. तिला ते कळलंही नाही. ती आपली नेमाने सुई टोचून घेत राहिली आणि साखर चढत राहिली. आज सकाळपासून तिला उलट्या होत होत्या. श्वास खोल आणि घाईचा झाला होता, आणि तिच्या तोंडाला पिकून उतरलेल्या फळासारखा वास येत होता. फोनवरच्या डॉक्टरांनी तो वास ऐकताच, म्हणजे त्याचं वर्णन ऐकताच, आवाज खाली आणला. रक्त आंबायला लागलंय म्हणाले. दुपार टळायच्या आत नवीन इन्सुलिन अंगात गेलं पाहिजे. रुग्णवाहिका पाठवतो, पण उष्माघाताचे रोगी इतके आहेत की तिला यायला संध्याकाळ होईल.

सोसायटीच्या आवारात मोटारी ओळीने उभ्या होत्या, पण चार दिवस चार्ज न झालेल्या. शेजारीपाजारी विचारून झालं होतं. इन्सुलिन कुणाकडेच नव्हतं. असणार कसं? घरात साठा करून ठेवायची सवय शहरानं केव्हाच सोडून दिली होती.

पुण्यात भुयारी मालवाहतूक सुरू झाली त्याला आता बरीच वर्षं झाली होती. पाठीला चौकोनी पेट्या बांधून, जीव मुठीत धरून स्कूटर पळवणारी पोरं एका पिढीनं पाहिली आणि विसरूनही गेली. त्या गाड्यांनी जगातल्या सगळ्याच मोठ्या शहरांचे रस्ते तुंबवले, तेव्हा प्रत्येक शहरानं आपापली वाट काढली. कुणी नदीतून माल नेला, कुणी आकाशातून. पुण्यातही ड्रोन उडवून पाहिले, पण पतंगांच्या मांज्याने आणि पुणेकरांच्या तक्रारअर्जांनी ते जमिनीवर आणले. मग शहराने जमिनीखाली नळ्या घातल्या. नळीच्या भिंतीत तांब्याच्या तारेची वेटोळी होती. एकामागून एक वेटोळ्यात वीज सोडली की चुंबकीय ओढीची एक लाट पुढे पुढे सरकत जाई, आणि त्या लाटेवर बसून मालाचा डबा धावे. सरकारने त्या डब्याला 'वहनकोष' असं भारदस्त नाव दिलं. लोकांनी त्याला पहिल्याच आठवड्यात 'उंदीर' म्हणायला सुरुवात केली आणि इमारतीच्या भिंतीतलं जे दार उघडून तो बाहेर येई, त्याला 'बीळ'.

पण खरी करामत नळ्यांची नव्हती, 'अदमास'ची होती. नळ्या शेवटी मोजक्याच. संध्याकाळी सगळ्यांनी एकदम भाजी मागवली की तुंबायच्याच. तेव्हा मागणी येण्याआधीच माल निघाला पाहिजे, असं ठरलं. अदमास हे गणित करी. प्रत्येक नावामागे तो आकड्यांचा एक माणूस उभा करी. खऱ्या माणसाने आज काय मागवलं, काय परत केलं, कशाला उशीर लावला, यावरून तो त्या आकड्यांच्या माणसाला रोज थोडा थोडा दुरुस्त करी. मग हा आकड्यांचा माणूस उद्या काय मागेल याची शक्यता काढायची, आणि ती पुरेशी मोठी असली की माल आधीच इमारतीच्या तळघरातल्या कोठीत आणून ठेवायचा. तुम्ही पोळ्या लाटता लाटता तेल मागवावं आणि तेल तळघरातून दोन मिनिटांत वर यावं, ही जादू अशी होती.

ती जादू कधीकधी अंगावर काटाही आणी. चौथ्या मजल्यावरच्या साने आजी आजारी होत्या, तेव्हा त्यांचा मुलगा काहीतरी आणायला कोठीत उतरला आणि आजींच्या नावाची चिठ्ठी लावलेलं गाठोडं पाहून तसाच पायरीवर बसला. पांढरं कापड, मडकं, कापूर. आजी त्यानंतर दोन दिवसांनी गेल्या. सोसायटीत त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही, पण कोठीत एकट्याने उतरायचं बरेच जण टाळू लागले.

हळूहळू नाक्यावरची दुकानं गेली. औषधाच्या दुकानाच्या जागी नखं रंगवायचं दुकान आलं. हे सगळं सोयीचं होतं, आणि सोयीच्या गोष्टीविरुद्ध आपण फार दिवस कुरकुर करत नाही.

आता वीजकपातीमुळे नळ्या जेमतेम चालू होत्या. चालली होती ती फक्त औषधं, तीही ज्याची निकड अदमासला पटेल त्यालाच. आणि अदमासला वाटत होतं की भालचंद्र ओगले औषधं खाऊन जीव द्यायला निघाले आहेत.

यात अदमासची फारशी चूक नव्हती. चूक कांचनबनची होती.

पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना भुयारी सेवेत पहिला नंबर असे आणि पोचवणावळ माफ. सोसायटीत पंचाहत्तरीपुढचे आता एकटे भालचंद्रच उरले होते. सुरुवात धामणकरांच्या जुळ्यांच्या डायपरांपासून झाली. "काका, तुमच्या नावावर मागवू का? एकदाच," असं धामणकरांची सून म्हणाली. मग चेअरमन सुभेदारांची रक्त पातळ करायची गोळी आली, आणि तिच्या मागोमाग, कागदात गुंडाळून, केसांचा कलप. मग कुणाचा दम्याचा पंप, कुणाची गरोदरपणातली टॉनिकं, कुणाचे पळायचे बूट. वर्षभरात सगळी इमारत ओगलेकाकांच्या नावावर जेवू-खाऊ लागली. कुणालाच यात काही वावगं वाटलं नाही. एकाच्या पासावर दुसऱ्याने प्रवास करावा, इतकी ती साधी गोष्ट होती.

भालचंद्रांना तर ती फारच आवडली. आयुष्यभर त्यांनी स्वारगेटच्या एसटी स्थानकावर गाड्यांच्या घोषणा केल्या होत्या. निवृत्त झाले, मग बायको गेली, आणि त्या खणखणीत आवाजाला काही काम उरलं नाही. आता दिवसातून सातआठ वेळा बिळाची घंटा वाजे. ते पहिल्या मजल्यावरच्या आपल्या दारातून तळमजल्यावर उतरत, माल घेत आणि जिन्याच्या तोंडाशी उभे राहून पुकारा करत, "तिसऱ्या मजल्यावरील धामणकर यांचे डायपर लागले आहेत. धामणकर यांनी ताबडतोब संपर्क साधावा." जिनाभर हसू फुटे. लोक खाली येत, दोन शब्द बोलत, कुणी वाटीभर आमटी घेऊन येई. बायको गेल्यापासून बंद असलेलं त्यांचं दार पुन्हा दिवसभर उघडं राहू लागलं.

रेवतीचं कारण मात्र वेगळं होतं. तिच्या लग्नाचं पाहत होते, आणि हल्ली स्थळं पत्रिकेआधी 'नाव' पाहत. मुलीच्या नावावर काय काय येतं हे पाहिलं की सगळी कुंडलीच समजे. रेवतीची आई गुहागरहून मुद्दाम आली होती, भालचंद्रांच्या घरी चहा प्यायली होती आणि पदराशी चाळा करत म्हणाली होती की पोरीच्या नावाला आजार लागू नये, तेवढं तुम्ही बघा. भालचंद्रांनी शब्द दिला होता. तेव्हापासून इन्सुलिन त्यांच्या नावावर येई आणि ते स्वतः वर नेऊन देत. रेवती त्यांना बसवून घेई, कवळ्यांच्या गमती सांगे. येत्या रविवारी सांगलीचे पाहुणे यायचे होते.

एरवी अदमासला शंका आली तर एखादा माणूस कागद तपासून ती मिटवून टाकी. कपातीत माणसांची ती फळी काढून घेतली होती. गोठलेल्या खात्यांसाठी ठेवलेले मोजके सुनावणी अधिकारी सोडले, तर उरलं होतं नुसतं गणित, आणि गणिताने साधा प्रश्न विचारला होता: एवढं सगळं एका शरीरात कसं?

"आपल्याला इन्सुलिन हवे असल्यास कृपया तपासणी करा," आवाज म्हणाला. "चेहरा काचेसमोर, बोट खाचेत."

भालचंद्र गुडघे धरत तिसऱ्या मजल्यावर गेले. रेवतीला उठवलं. धामणकरांच्या सुनेने एका बाजूने धरलं आणि तिघं पायरी पायरी करत खाली आली. मग भालचंद्रांनी आपला चेहरा काचेसमोर धरला आणि रेवतीने त्यांच्या काखेखालून हात घालून आपलं बोट खाचेत दिलं. एखाद्या शाळकरी पोराला शोभावी अशी ती लबाडी होती. धामणकरांची सून घाबरलेली असूनही किंचित हसली.

खाचेत सुई टोचली. बिळावरचा दिवा पिवळा झाला.

"ओगले, आपली प्रकृती गंभीर आहे," आवाज म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्यात थोडी घाई होती. "इन्सुलिन पाठवत आहोत. सध्याच्या नियमानुसार औषध हाती दिले जाणार नाही. कृपया उजवा हात बाहीत घाला. मात्रा थेट दिली जाईल."

भिंतीतून राखी रंगाची कापडी बाही बाहेर आली. भालचंद्रांनी ती ओळखली. दर महिन्याला ते तिच्यातच रक्तदाब मोजत. त्यांनी एक क्षण विचार केला. आपला हात घालावा तर ते इन्सुलिन आपल्याच अंगात जाणार, म्हणजे रेवतीला काहीच नाही आणि वर आपल्यालाच भोवळ. त्यांनी रेवतीचा हात धरून बाहीत घातला.

बाही आवळली गेली. आत कुठेतरी बारीक गुणगुण झाली. बाही हाताच्या शिरांची नक्षी वाचते हे भालचंद्रांना माहीत नव्हतं. शिरांचं जाळं प्रत्येकाचं वेगळं असतं, आणि भालचंद्रांचं जाळं तिने दर महिन्याला पाहिलं होतं.

बाही सैल पडली. दिवा लाल झाला. "हा हात ओगले यांचा नाही. खाते गोठवण्यात आले आहे. सुनावणी अधिकारी उपलब्ध होईपर्यंत प्रतीक्षा करा."

रेवती भिंतीला टेकून खाली बसली. तिला पाणी दिलं, ते उलटून पडलं. आता ती नीट उत्तरं देईनाशी झाली होती.

तेवढ्यात चेअरमन सुभेदार घाईघाईने उतरले. झाला प्रकार ऐकून त्यांचं धाबं दणाणलं. ते भालचंद्रांना बाजूला घेऊन हळू आवाजात बोलले. मुलीचं वाईट वाटतं म्हणाले, मनापासून वाटतं, पण एकाच्या नावावर सगळी इमारत चालते हे बाहेर आलं तर सोसायटीचं बीळ बंद करतील, आणि मग या उन्हात सगळ्यांचीच औषधं अडतील. तेव्हा यंत्र बिघडलंय असं ठासून सांगा. रुग्णवाहिका येईलच.

"आणि नाही आली वेळेवर?" भालचंद्रांनी विचारलं.

सुभेदारांनी रेवतीकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. त्यांची रक्त पातळ करायची गोळीही कालपासून अडली होती. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता.

खरं सांगायचं तर भालचंद्रांना बीळ बंद होण्याची भीती नव्हती. त्यांना भीती होती ती त्यांच्या दाराची. सगळं उघड झालं की जो तो आपापल्या नावावर मागवणार, आपला माल आपण घेणार. मग कोण कशाला पहिल्या मजल्यावर थांबेल? घंटा वाजणार नाही, पुकारा होणार नाही. या पोरीचा जीव जात असताना आपल्याला आपल्या दाराची पडली आहे, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं आणि त्याची लाज वाटत होती. तरी ती भीती जात नव्हती. शिवाय गुहागरच्या त्या माउलीला दिलेला शब्द होताच. यंत्र बिघडलंय एवढं म्हटलं तर शब्दही राहतो, दारही राहतं. राहत नाही ती फक्त रेवती.

काचेत एक चेहरा उमटला. पन्नाशीची बाई, केस कसेतरी बांधलेले, गळ्याशी ओला रुमाल. सुनावणी अधिकारी केंजळे. त्यांच्या मागे आणखी कुणी कुणी आपापल्या काचांशी बोलत होतं. त्यांनी कागदावर असल्यासारखा सरळ प्रश्न विचारला, "ओगले, हे इन्सुलिन तुमचं आहे का?"

सुभेदारांनी भालचंद्रांच्या कोपराला हात लावला.

"नाही," भालचंद्र म्हणाले. एवढं म्हटल्यावर पुढचं आपोआप आलं. "माझी फक्त रक्तदाबाची गोळी. रोज सकाळी एक. बाकी त्यातलं माझं काही नाही. डायपर नाहीत, पंप नाही, काही नाही. मी नुसता पुकारा करतो, बाई."

केंजळेबाईंनी रुमालाने मान पुसली. रागावल्या नाहीत. अशा किती इमारती आज निघाल्या असतील त्यांनाच माहीत. त्या म्हणाल्या की इन्सुलिन कुणाचं ते त्या व्यक्तीने स्वतः, स्वतःच्या तोंडाने सांगायला हवं. दुसऱ्याच्या अंगावर आजार लिहिण्याचा अधिकार कुणालाच नाही, तुम्हालाही नाही.

भालचंद्र रेवतीपाशी फरशीवर बसले. या वयात बसणं सोपं आणि उठणं अवघड, पण ते बसले. तिचा चेहरा हातात धरला.

"रेवती, ऐक. नाव सांग आणि काय होतंय ते सांग. एवढंच."

तिने मान हलवली. नाही अशी. ओठ हलले, त्यातून 'आई' एवढंच कळलं. मग 'रविवार'.

"रविवारचं रविवारी बघू. मी तुझ्या आईला शब्द दिला होता, तो मी मोडतोय. तू नाहीस. तिच्यापुढे मी उभा राहीन. तू फक्त बोल."

ती बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली. की ओळखतच नव्हती, कोण जाणे. मग तिने काचेकडे तोंड केलं.

"रेवती मुळ्ये," ती म्हणाली. शब्द जड येत होते. "मधुमेह मला आहे. लहान असल्यापासून."

केंजळेबाईंची बोटं भरभर चालू लागली. त्यांनी तुटक तुटक सांगितलं ते असं. रेवतीच्या नावामागे आजाराचा काहीच इतिहास नव्हता. अदमासच्या लेखी ती धडधाकट होती. तिचा सगळा इतिहास ओगल्यांच्या नावात मिसळलेला होता. तो वेगळा काढायचा तर ओगल्यांचं खातं मोडावं लागेल. जे त्यांचं नाही ते सगळं त्यातून जाईल, ज्येष्ठांची सवलतही जाईल, आणि पुन्हा जोडता येणार नाही. मान्य आहे का?

"मान्य," भालचंद्र म्हणाले. घोषणा करताना जसा लागे तसाच त्यांचा आवाज लागला, आणि जिन्यात थांबलेल्या माणसांनी तो वरपर्यंत ऐकला.

मग काही काळ काहीच घडलं नाही. रेवतीचा श्वास तेवढा ऐकू येत होता. धामणकरांची सून तिला पुठ्ठ्याने वारा घालत होती. सुभेदार पायरीवर बसून फरशीकडे पाहत होते. कपातीच्या विजेवर उंदीर रखडत रखडत येतो, हे सगळ्यांना माहीत होतं. भालचंद्रांनी भिंतीला कान लावला. आत पाण्याच्या नळाची धार होती, कुणाच्या तरी घरातली खुर्ची सरकली, आणि मग फार खालून, एखाद्या रिकाम्या पिंपात खडा फिरावा तसा आवाज येऊ लागला. थांबला. पुन्हा सुरू झाला.

दिवा हिरवा झाला. "रेवती मुळ्ये," आवाज म्हणाला, "कृपया उजवा हात बाहीत घाला."

रुग्णवाहिका आली ती उन्हं उतरताना. डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर गेला असता तर मला इथे करण्यासारखं काही उरलं नसतं.

शहर सावरलं. वीज आली, पाऊस आला, नळ्या पूर्ववत धावू लागल्या. कांचनबनचं बीळ कुणी बंद केलं नाही. फक्त ताकीद आली आणि प्रत्येकाला आपापल्या नावावर मागवावं लागलं. सांगलीच्या पाहुण्यांनी फार सभ्य शब्दांत नकार कळवला. रेवतीची आई येऊन तिला गुहागरला घेऊन गेली. जाताना भालचंद्रांच्या पाया पडली, पण चहाला बसली नाही. सुभेदार जिन्यात भेटले की चपलेचा पट्टा लावायला वाकत.

आणि जे व्हायचं होतं तेच झालं. बिळाची घंटा वाजे, लोक खाली येत, आपलं आपलं घेऊन वर जात. कुणी मुद्दाम टाळत नव्हतं. थांबायला कारण उरलं नव्हतं, इतकंच. भालचंद्रांनी काही दिवस दार उघडं ठेवलं, मग लोटून घेतलं, मग कडी लावली. दूध अर्ध्या लिटरचं पाव लिटरवर आलं. एकट्यासाठी भाजी चिरायचा कंटाळा येई. रक्तदाबाची गोळी कधी घेत, कधी राही.

गणपतीला आठवडा राहिला असताना दार वाजलं. रेवती होती. गुहागरहून नुकतीच परतलेली, अंगाने भरलेली, हातात स्वतःच्या नावावर आलेलं इन्सुलिन. पण तिचा चेहरा पांढराफटक होता.

"काका," ती म्हणाली, "मी कोठीत गेले होते. तुम्ही बरे आहात ना?"

त्यांना कळेना. ती नुसती त्यांचा हात धरून ओढू लागली. शेवटी ते तिच्याबरोबर तळघरात उतरले. कोठीच्या फळीवर, तेलाच्या पिशव्यांशेजारी, एक गाठोडं होतं. पांढरं कापड, मडकं, कापूर. वर चिठ्ठी: ओगले, भा.

अदमासच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याला मनच नव्हतं. तेरा घरांचं खाणंपिणं वजा झाल्यावर ओगले या नावामागे जो आकड्यांचा माणूस उरला होता, तो आठवड्याआठवड्याला आक्रसत चालला होता. दूध निम्मं, भाजी नाही, गोळी अधूनमधून. असा आक्रसत जाणारा म्हातारा पुढे काय मागवतो, किंवा त्याच्यासाठी काय मागवलं जातं, हे अदमासने शहरभर हजारदा पाहिलं होतं.

भालचंद्र गाठोड्याकडे बघत उभे राहिले. सगळ्यात वाईट हे, की त्यांना आश्चर्य वाटलं नाही. हे यंत्र खोटं बोलत नाहीये, हे त्यांना आतून पटलं. आपण खरंच निघालो होतो. आपण मागे वळून बघितलंही नव्हतं, आणि गाडी लागल्याची घोषणा दुसऱ्याच कुणीतरी केली होती.

या शेवटच्या गोष्टीचा त्यांना राग आला. चांगला सणसणीत राग. किती दिवसांनी.

त्यांनी गाठोडं उचललं. रेवती हातातून घेऊ लागली, तिला देईनात. जिन्याच्या तोंडाशी येऊन त्यांनी कापूर बाहेर काढला, घसा खाकरला, आणि स्वारगेटच्या फलाटांवर घुमायचा तो आवाज कांचनबनच्या चारही मजल्यांवर गेला.

"सर्वांनी इकडे लक्ष द्यावे. ओगले यांच्या नावावर कापूर आला आहे. ओगल्यांना तो सध्या नको आहे. ज्यांना गणपतीच्या आरतीला हवा असेल, त्यांनी तळमजल्यावर ओगल्यांशी संपर्क साधावा."

कुणीच आलं नाही. भालचंद्र हातात कापराचा डबा घेऊन उभे राहिले आणि त्यांना वाटलं, उगाच ओरडलो.

मग वर कुठेतरी कडी निघाली. चपला वाजत खाली आल्या. सुभेदार होते. कलप अर्धवट लावलेला, गळ्यात टॉवेल, तसेच उतरले होते. त्यांनी गाठोड्यावरची चिठ्ठी वाचली, मडकं पाहिलं, आणि त्यांचा चेहरा कसातरी झाला. हातातली वाटी फक्त पुढे केली. त्यांच्यामागे धामणकरांची सून जुळ्यांना दोन्ही हातांना धरून उतरत होती.

भालचंद्र वाटीत कापराच्या वड्या मोजून टाकत असताना मागे रेवती बिळाशी बोलत असलेली त्यांना ऐकू आली. रोज अर्धा लिटर दूध, भाजी दोन वेळची, आणि रक्तदाबाची गोळी, असं ती सांगत होती.

"रेवती मुळ्ये, आपल्या घरी एकच व्यक्ती नोंदलेली आहे," गोड आवाज म्हणाला.

"चुकलीय नोंद," रेवती म्हणाली. "दोन लिहा."